उजव्या बाजूचे दार

पुण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानात, दार लागण्यापूर्वी, माझे मामा आपल्या जागेवरून उठले आणि पुढच्या खुर्च्यांच्या पाठींवर एकेक बोट टेकवत मोजू लागले. सत्याहत्तर वर्षांचे वय, मोतीबिंदू काढलेले डोळे, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. मधल्या अरुंद वाटेत उभे राहून ते ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होते आणि सामान वर ठेवू पाहणारी माणसे त्यांच्यामागे ताटकळली होती. मी त्यांची बाही हलकेच ओढली. "मामा, बसा ना, लोक खोळंबलेत," असे म्हणाले, आणि त्या म्हणण्यात काळजीपेक्षा संकोच अधिक होता हे माझे मलाच ऐकू आले. ते निमूटपणे बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "अकरा. दार अकरा खुर्च्या पुढं आहे. धूर झाला, दिवे गेले, की डोळे कामाचे नाहीत. हातानं मोजत जायचं." हवाई सुंदरी पट्टा कसा लावायचा आणि प्राणवायूचा मुखवटा कसा ओढायचा ते दाखवत असताना सारे विमान आपापल्या फोनमध्ये बुडालेले होते, मामा मात्र तिच्या हातांकडे शेवटपर्यंत पाहत होते. मग विमान धावपट्टीकडे वळले. पलीकडे हवाई दलाच्या बाजूला झाडांच्या मागे गोल पाठीची जुनी हँगर दिसू लागली, आणि खिडकीबाहेरची नजर न काढता मामा एक वाक्य बोलले.

"आमच्या नॅव्हिगेटरला दार होतं. खुर्ची नव्हती."

दिल्लीपर्यंतच्या दोन तासांत ते याविषयी आणखी काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही, कारण मघाच्या माझ्या बाही ओढण्याने त्यांना काहीतरी लागले असावे अशी रुखरुख मला लागली होती. ते वाक्य मात्र बुटात खडा जावा तसे माझ्याबरोबर चालत राहिले. मामा हवाई दलात होते हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते, पण ते साधारण एखादा नातेवाईक पोस्टात होता हे ठाऊक असावे तसे. सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून १९६६ साली ते भरती झाले, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, झाले आणि नोकरीतली बरीच वर्षे त्यांनी लोहगावला, ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या कॅनबेरा नावाच्या बाँबफेकी विमानांवर काढली. मी लहान असताना सुट्टीत त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला जात असे. त्यांच्या गणवेशाला एक वास असे, रॉकेल आणि जळलेली फटाक्याची दारू यांच्या मधला. मामी तो कधीच घरातल्या इतर कपड्यांबरोबर धूत नसत. त्या वासाचे कारण मला फार नंतर कळले. कॅनबेराची इंजिने काडतूस फोडून सुरू करत. धडाक्याचा आवाज होई, इंजिनाच्या बुडातून काळा धूर सुटे आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कपड्यांत तो भरून राही. मामांच्या अंगाला वर्षभर दिवाळी चिकटलेली असे, असे आम्ही मुले म्हणायचो.

त्या रात्री दिल्लीच्या अतिथिगृहात, जेवण झाल्यावर, मी त्यांना विचारले की खुर्ची नव्हती म्हणजे काय. त्यांनी टेबलावरची कागदी रुमालाची घडी उलगडली, माझ्याकडून पेन घेतले आणि विमानाचे नाक काढले. सत्याहत्तर वर्षांच्या हाताला कंप आहे, पण ती रेषा जराही कापली नाही. कॅनबेराचा जो बाँबफेकी प्रकार आपल्याकडे आला, बी(आय)५८, त्यात दोनच माणसे. वैमानिक वर, डाव्या बाजूला सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली, लढाऊ विमानात बसावा तसा. नॅव्हिगेटर, म्हणजे नकाशावरून वाट दाखवणारा, त्याच्या खाली. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो वैमानिकाच्या बाजूला एका साध्या बैठकीवर बसे. वर गेल्यावर पुढे नाकात सरकून नकाशाच्या मेजापाशी जाई, आणि बाँब टाकण्याची वेळ आली की काचेच्या टोकात पालथा पडून खालची जमीन पाही. वैमानिकाची खुर्ची मार्टिन-बेकर कंपनीची इजेक्शन सीट होती. डोक्यावरचे हँडल दोन्ही हातांनी खाली खेचले की तोंडावर पडदा ओढला जातो, खालची काडतुसे पेटतात आणि माणूस खुर्चीसकट विमानाबाहेर फेकला जातो. नॅव्हिगेटरला तशी खुर्ची नव्हती. त्याच्याकडे हवाई छत्री होती, आणि विमानाच्या नाकाच्या उजव्या अंगाला एक दार होते. ज्या दारातून तो चढला त्याच दारातून त्याने बाहेर पडायचे. मामांनी रुमालावर ते दार एका लहान चौकोनाने दाखवले आणि त्या चौकोनावर पेन दोन-तीनदा फिरवले, तिथे शाई पसरली.

विमान सरळ उडत असेल आणि हाताशी दोन-तीन मिनिटे असतील, तर त्या दारातून पडता येत होते. पण ज्या विमानाला क्षेपणास्त्र लागले आहे ते सरळ उडत नाही. गरगरत कोसळणाऱ्या विमानात माणसाचे वजन कित्येक पटींनी वाढते, हात उचलणे हेच एक काम होऊन बसते, आणि नाकातून मागे सरकून, छत्री अंगावर अडकवून, दार उघडून बाहेर पडण्याला जितके क्षण लागतात तितके तिथे नसतात.

मामांनी सांगितलेली एक बारीक गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेली. इजेक्शन सीट जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिच्यात सेफ्टी पिना खोचलेल्या असतात, त्यांना लांब लाल पट्ट्या असतात. उड्डाणापूर्वी त्या काढायच्या आणि वैमानिकाला मोजून दाखवायच्या. सगळ्या निघाल्या हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे, कारण एखादी आत राहिली तर ऐन वेळी खुर्ची उडणार नाही. मामा त्या पिना बोटांत पंख्यासारख्या पसरून धरत, वैमानिक मान हलवत असे. "आणि नॅव्हिगेटरला?" मी विचारले. "त्यांना काय दाखवणार? त्यांच्या बाजूला पीनच नव्हती," मामा म्हणाले. म्हणून त्यांनी आपल्यापुरती एक रीत काढली होती. नॅव्हिगेटर शेवटी चढत असे. त्यांच्या ज्या नॅव्हिगेटरबरोबर मामांचे सर्वांत जास्त काम पडले, ते खाली थांबून मामांकडून पेन्सिली तासून घेत. दोन्ही टोकांना तासलेल्या चार पेन्सिली, कारण वर हातमोजे घालून तासता येत नाहीत. मग ते चढत, मामा शिडी बाजूला करत, दार लावत, खटका बसला की नाही ते हाताने चाचपत आणि पत्र्यावर तळव्याने दोन थापा मारत. दार लागले आहे आणि मी ते नीट पाहिले आहे, एवढाच त्या थापांचा अर्थ. आतून एक थाप परत येई. मग मामा मागे सरत आणि काडतूस फुटे.

"रोज?"

"जेवढ्या वेळा दार लावलं तेवढ्या वेळा."

मामा ज्या वर्षी भरती झाले त्याच्या आदल्या वर्षीची एक हकीकत त्या काळी कॅनबेरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. जुने सार्जंट नव्या पोरांना ती सांगत. लो साहेब परत आले, कपूर साहेब आले नाहीत, एवढ्या दोन वाक्यांत ती मामांनी मला सांगितली. बाकीचे मी नंतर वाचले. १९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या त्या तीन आठवड्यांत कॅनबेरा प्रामुख्याने रात्री जात, सरगोध्यापासून पेशावरपर्यंत. २१ सप्टेंबरच्या पहाटेपूर्वी, अजून अंधार असताना, फाजिल्काजवळ सुमारे ३३,००० फुटांवर एका कॅनबेराला पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-१०४ स्टारफायटरने गाठले. त्यातून सुटलेले साइडवाइंडर क्षेपणास्त्र तापलेल्या इंजिनाचा माग काढत गेले आणि लागले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट मनमोहन लो खुर्चीसह बाहेर पडले, पाकिस्तानात उतरले, युद्धकैदी झाले आणि युद्धानंतर मायदेशी परतले. नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर विमानाबरोबर गेले. विमानाचे अवशेष सीमेच्या पलीकडे पडले. स्टारफायटर चालवणारे जमाल खान पुढे १९८०च्या दशकात पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. २३ सप्टेंबरला पहाटे साडेतीन वाजता युद्धबंदी अमलात आली. मधे जेमतेम दोन दिवस.

तेहतीस हजार फूट म्हणजे दहा किलोमीटर. शनिवारवाड्यापासून लोहगाव जितके लांब, साधारण तितके उंच. हे अंतर मी पुण्यात हजारो वेळा कापले आहे, येरवड्याच्या चौकात अडकून, रिक्षात घाम पुसत, आणि ते उभे करून पाहण्याची कल्पना मला कधी सुचली नव्हती. बाहेर शून्याच्या कितीतरी खाली गेलेली थंडी, श्वास घेण्याजोगी हवा नाही, खाली पंजाबच्या सपाट रानात बहुधा एकही दिवा नाही, कारण दोन्ही बाजूंना ब्लॅकआउट होता. त्या काळोखात नॅव्हिगेटरपाशी काय असते, तर नकाशावर पडणारा लहानसा उजेड, घड्याळ, पट्टी आणि पेन्सिल. इतक्या मिनिटांपूर्वी अमुक ठिकाणी होतो, वेग इतका, वारा या दिशेने ढकलतो आहे, म्हणजे आता इथे. दोघांपैकी आपण नेमके कुठे आहोत, सीमा किती जवळ आहे, हे ज्याला बोट ठेवून सांगता येत होते तो नॅव्हिगेटर. दोघांच्या वतीने घर किती लांब आहे याचा हिशेब तोच ठेवत असे. ज्याच्याकडे तो हिशेब त्याच्याकडेच बाहेर पडण्याची सोय नसावी, या गोष्टीपाशी माझे मन पुन्हा पुन्हा येऊन थांबते, आणि तिथून पुढे मला काही सुचत नाही.

मी वास्तुरचनाकार आहे. इमारतीतून माणसे बाहेर कशी पडतील हे रेखाटणे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. कुठल्याही खोलीपासून जिना किती अंतरावर हवा, दार कुठल्या बाजूला उघडायला हवे, जिन्याची रुंदी किती, याचे नियम मला पाठ आहेत. म्हणूनच बहुधा कॅनबेराच्या नाकाचे रेखाचित्र शोधून मी रात्री उशिरापर्यंत ते न्याहाळत बसले. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने हे विमान घडवले. पहिले उड्डाण १३ मे १९४९ रोजी इंग्लंडमध्ये वॉर्टन येथे झाले. त्या पहिल्या प्रकारांत नॅव्हिगेटर वैमानिकाच्या मागे बसे आणि त्यालाही बाहेर फेकणारी खुर्ची होती. पुढे जमिनीलगत उडत जाऊन हल्ला करणारा नवा प्रकार हवा होता, वैमानिकाला चांगले दिसायला हवे होते, पोटाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा बसवायच्या होत्या; म्हणून नाक नव्याने काढले गेले आणि या नव्या नाकात नॅव्हिगेटर पुढे गेला, खुर्ची मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. १९५७ साली आपण जी विमाने मागवली त्यांत ५४ या प्रकारची होती. कुणी दुष्टपणाने हे केले असे मला वाटत नाही. रेखाचित्राच्या मेजावर हे कसे होते ते मला आतून ठाऊक आहे. एक गोष्ट बसवायची तर दुसरी हलवावी लागते, वजन वाढते, जागा पुरत नाही, आणि शेवटी जी सोय कदाचित कधीच लागणार नाही तिच्यावर पेन्सिल थांबते.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या एका इमारतीत मागच्या जिन्याचे दार जिथे उघडत होते ती जागा मालकाने भिंत घालून गोदामाला जोडून घेतली. मी पत्र लिहिले, एकदा भेटून सांगितले. मग माझे उरलेले पैसे आले आणि मी गप्प बसले. त्या इमारतीत आजवर काही झालेले नाही. मामांचे ते पेन्सिलीवाले नॅव्हिगेटर साहेबही प्रत्येक वेळी परत आले, निवृत्त झाले आणि म्हातारे होऊन आपल्या घरी वारले. काही झाले नाही, या शब्दांवर मी इतकी वर्षे निवांत झोपत होते. मामा त्याच शब्दांवर निवांत झोपलेले नाहीत. विमानात, सिनेमागृहात, माझ्या मुलाच्या लग्नाच्या कार्यालयात, ते आधी दार पाहतात.

इथे मला मामींविषयी लिहिले पाहिजे, कारण त्या नसत्या तर हे विमान माझ्या मनात केवळ हळहळीचा विषय होऊन राहिले असते. मामी गोव्याच्या, चिखलीच्या. दाबोळीची धावपट्टी त्यांच्या गावाला लागूनच. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी त्या आठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने त्यांना आणि धाकट्या भावाला खाटेखाली ढकलले, आणि फडताळातल्या काचेच्या बरण्या आपोआप किणकिणू लागल्या हे त्यांना आजही जसेच्या तसे आठवते. त्या दिवशी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बाँब टाकले. नंतर आणखी आठ आली. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. मामींच्या वडिलांनी त्या संध्याकाळी अंगणात दिवे लावले, आणि त्याच रात्री मामी झोपेत किंचाळत उठल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांना आकाशात आवाज आला की खाटेखाली जावेसे वाटे. मग दहा-बारा वर्षांनी त्यांचे लग्न झाले ते त्याच विमानांची दारे लावणाऱ्या माणसाशी, आणि राहायला मिळाले ते लोहगावला, जिथे तोच आवाज दिवसातून कितीदा तरी डोक्यावरून जाई. "आधी मी कान झाकायचे," मामी सांगतात, "मग मोजायला लागले. किती गेली, किती परत आली." बाँबच्या खालच्या बाजूला एक खाट आणि खाटेखाली दोन मुले असतात, हे मामांना घरातच कळले. कॅनबेराविषयी ते कधी फुशारकीने बोलले नाहीत, त्याचे कारण हे असावे असा माझा समज आहे.

१९७१च्या डिसेंबरात मात्र त्यांचे लग्न झालेले नव्हते आणि मोजणारे ते एकटेच होते. पुण्यात खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, मोटारींच्या दिव्यांवर अर्धे काळे रंगवलेले, आणि लोहगावला जमिनीवरची माणसे अंधारातच काम करत होती, बॅटरीवर लाल कागद बांधून. विमाने संध्याकाळनंतर जात आणि अपरात्री परतत. मामा सांगतात की परत येणाऱ्या विमानाचा आवाज आधी कानाला लागत नाही, पायांना लागतो; जमिनीवर बसलेला माणूस एकदम उठून उभा राहतो. विमान थांबले की ते शिडी घेऊन धावत. दार आतून उघडे आणि पहिल्यांदा बाहेर येई ती नकाशांची पिशवी. ती हातात घेतली की तिचा पट्टा ओला लागे, डिसेंबरच्या थंडीत, घामाने. मग नॅव्हिगेटर उतरत. एका रात्री ते खाली उतरल्यावर काही न बोलता तळावर, सिमेंटच्या फरशीवर, पाठ टेकवून बसले आणि खिशातून मामांच्या चार पेन्सिली काढून त्यांच्या हातात दिल्या. चारही दोन्ही टोकांनी बोथट झालेल्या होत्या. मामांनी त्या तिथेच, तांबड्या उजेडात, पुन्हा तासायला घेतल्या.

कॅनबेराची माणसे पुढे कुठे कुठे आणि कशी गेली, याला काही हिशेब नाही. पद्मनाभ गौतम यांना १९६५च्या आणि १९७१च्या, दोन्ही युद्धांतल्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळाले. शत्रूच्या तळांवरून कॅनबेरा परत आणणारा हा माणूस नोव्हेंबर १९७२ मध्ये, युद्ध नसताना, पुण्यात मिग-२१ च्या अपघातात गेला. मामा त्या दिवशी कामावर होते. त्याविषयी त्यांनी हात नुसता हवेत हलवला आणि पाणी मागितले. विमाने मात्र माणसांपेक्षा टिकली. ११ मे २००७ रोजी आग्र्याला शेवटच्या कॅनबेरांना निरोप दिला गेला, पन्नास वर्षांनी. मामांनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापून गीतेच्या पोथीत ठेवलेली आहे.

आम्ही दिल्लीला आलो होतो ते राष्ट्रीय समर स्मारक पाहायला. मामांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. त्यागचक्राच्या गोल भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका पट्टीवर एकेक नाव आहे. २०१९ साली स्मारक खुले झाले तेव्हा २५,९४२ नावे होती. नाव शोधून देणारी यंत्रे तिथे आहेत, मी मामांना तसे सांगितले, तर ते नको म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते आणि दगड तापू लागला होता. ते भिंतीजवळून हळूहळू चालत राहिले, प्रत्येक पट्टीवर बोट टेकवत, आदल्या दिवशी खुर्च्यांच्या पाठींवर टेकवले तसे. शाळेच्या सहलीतली मुले बाजूने पळत गेली, एक कुटुंब फोटोसाठी थांबले आणि मामांना बाजूला व्हायला सांगून मग ओशाळून स्वतःच बाजूला झाले. मी या वेळी त्यांची बाही ओढली नाही. दीडेक तासाने ते सावलीत येऊन बसले, बोटाचे टोक लाल झाले होते. "दमलात का?" मी विचारले. "नाही," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "अगं, हे सगळं वाचायला महिना लागेल. महिनाभर राहायला हवं." त्यांनी मनापासून ते म्हटले होते. परतीची तिकिटे त्याच संध्याकाळची होती.

परतताना मामांना खिडकी मिळाली आणि मला वाटेलगतची जागा. त्यांनी उठायचा प्रयत्न केला तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही बसा, मी मोजते." मी उभी राहिले आणि खुर्च्यांच्या पाठींवर बोट टेकवत मोजले, मागे माणसे ताटकळली, कुणीतरी च्चक् केले. चौदा, मी सांगितले. दार मागच्या बाजूला आहे, चौदा खुर्च्या. त्यांनी मान हलवली, वैमानिक पिना पाहून हलवत असेल तशी, आणि डोळे मिटले. पुण्यात उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पुढच्या रांगा भराभर उठल्या, आम्ही सर्व उतरेपर्यंत बसून राहिलो, कारण मामांना घाईत जिना उतरता येत नाही. दाराला शिडी लावलेली होती. बाहेर पावसाळी हवा होती आणि दूर हवाई दलाच्या बाजूला एक इंजिन चालू होते. रॉकेलचा तो वास वाऱ्याबरोबर आत आला. मामांनी दाराच्या चौकटीला धरून एक पाऊल बाहेर शिडीवर टाकले, मग दुसरे. तिथे ते थांबले, अर्धे वळले आणि विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावर तळव्याने दोन थापा मारल्या, हलक्या, शिडीच्या खाली उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू येऊ नयेत अशा.

मी अजून आत होते. मी हात उचलला आणि आतून एक थाप दिली.